मोठ्या आकाराच्या निसर्गदृश्य मुद्रितांसाठी डिजिटल कॅमेरा प्रणालीची निवड : केशोरी-नवेगावबांध परिसराच्या संदर्भात

सारांश :
महाविद्यालयीन विभागांत छायाचित्रणाची साधने खरेदी करताना बहुधा मेगापिक्सेलची संख्या हाच निकष मानला जातो. मोठ्या आकाराच्या निसर्गदृश्य मुद्रितांसाठी हा निकष अपुरा आहे. निवडीचा आरंभ कॅमेऱ्यापासून न करता भिंतीपासून, म्हणजेच मुद्रिताचा आकार आणि प्रेक्षकाचे अंतर यांपासून करावा, असे प्रतिपादन प्रस्तुत लेखात केले आहे. गोंदिया जिल्ह्यातील केशोरी परिसरातील तलाव, धानशेती व वन यांच्या दृश्य-नोंदीचे उदाहरण त्यासाठी घेतले आहे.

बीजसंज्ञा : निसर्गदृश्य, मुद्रित, पिक्सेल, सेन्सर, लेन्स, विवर्तन, दर्शन-अंतर.

१. प्रस्तावना

केशोरी हे गोंदिया जिल्ह्याच्या अर्जुनी मोरगाव तालुक्यातील गाव. १ मे १९९९ रोजी भंडारा जिल्ह्याचे विभाजन होऊन गोंदिया जिल्हा अस्तित्वात आला. जुन्या भंडारा जिल्ह्याची 'तलावांचा जिल्हा' ही ओळख या परिसराने आजही जपलेली आहे. नवेगावबांधचा डोंगरांनी वेढलेला विस्तीर्ण जलाशय, गाढवी नदीवरील इटियाडोह धरण, कोहळी समाजाच्या कौशल्यातून उभे राहिलेले मालगुजारी तलाव, त्यांच्या पाळीखालची धानाची बांधी आणि भोवतालचे पानझडी वन असे या भूदृश्याचे स्वरूप आहे. नवेगाव राष्ट्रीय उद्यान १९७५ मध्ये घोषित झाले. २०१३ मध्ये नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्पाची स्थापना झाली. सारस पक्ष्याचा महाराष्ट्रातील प्रमुख अधिवासही याच जिल्ह्यात आहे.

हे भूदृश्य स्थिर नाही. तलावात गाळ साचतो, पाळ खचते, सांडव्याची दुरुस्ती होते, बेशरमसारख्या वनस्पती पाणथळ जागा व्यापतात. भूगोल, वनस्पतिशास्त्र, प्राणिशास्त्र व इतिहास या विभागांसाठी अशा बदलांची दृश्य नोंद हे महत्त्वाचे साधन आहे. ही नोंद मोठ्या मुद्रिताच्या रूपाने भिंतीवर आली, तर विद्यार्थी व गावकरी त्यापुढे उभे राहून पाळ कोठे संपते, सांडवा कोठे आहे, कोणते झाड पाण्याच्या किती जवळ आहे, हे बोट ठेवून सांगू शकतात. मात्र त्यासाठी मुद्रितात तो तपशील असावा लागतो. आज घेतलेल्या छायाचित्रात जो तपशील उतरला नाही, तो वीस वर्षांनंतर कोणत्याही उपायाने परत मिळविता येणार नाही. त्या वेळी तलावही कदाचित तसा राहिलेला नसेल. म्हणून साधनाच्या निवडीचा प्रश्न हा केवळ खरेदी समितीचा प्रश्न नसून अभ्यासाच्या विश्वसनीयतेचाही प्रश्न आहे.

२. ऐतिहासिक पार्श्वभूमी

पश्चिम भारतात छायाचित्रणाचा प्रसार लवकर झाला. मुंबईत १८५४ मध्ये फोटोग्राफिक सोसायटीची स्थापना झाली. त्या काळी काचेच्या पट्टीवरील प्रतिमा कागदाला भिडवून मुद्रित काढले जाई. साहजिकच जेवढी काच तेवढेच मुद्रित, आणि मोठ्या मुद्रितासाठी मोठा कॅमेरा, हे समीकरण रूढ होते. पुढे विवर्धकामुळे लहान फिल्मवरून मोठे मुद्रित काढणे शक्य झाले. परंतु विवर्धनाबरोबर दोषही मोठे होतात, हा नियम कायम राहिला.

डिजिटल तंत्राचा वेग याहून कितीतरी अधिक आहे. १९९९ मध्ये आलेल्या निकॉन डी१ या कॅमेऱ्याची क्षमता २.७ मेगापिक्सेल होती. कॅनन ५डी (२००५) मध्ये ती १२.८, निकॉन डी८०० (२०१२) मध्ये ३६.३, तर सोनी ए७आर-४ (२०१९) मध्ये ६१ मेगापिक्सेलवर पोहोचली. २०१९ मध्येच फूजीफिल्मच्या जीएफएक्स १०० या मोठ्या सेन्सरच्या कॅमेऱ्याने १०२ मेगापिक्सेलचा टप्पा गाठला. २०२० नंतर प्रमुख उत्पादकांचा भर आरसाविरहित म्हणजे मिररलेस कॅमेऱ्यांवर आहे. या आकड्यांमुळे जितके पिक्सेल अधिक तितके मुद्रित चांगले, असा समज दृढ झाला. तो कितपत योग्य आहे, हे पुढील विवेचनात पाहू.

३. दर्शन-अंतर आणि आवश्यक तपशील

निरोगी मानवी डोळा सामान्यतः एक कला म्हणजे अंशाच्या साठाव्या भागाइतक्या कोनातील तपशील वेगळा ओळखू शकतो, असे मानले जाते. या कोनाचे रूपांतर लांबीत केले असता एक मीटर अंतरावरून सुमारे ०.२९ मिलिमीटरचा तपशील वेगळा दिसतो. यावरून एक सोपे सूत्र मिळते : ८७ या संख्येला मीटरमधील दर्शन-अंतराने भागल्यास मुद्रितात प्रति इंच किती पिक्सेल आवश्यक आहेत, ते कळते.

तक्ता क्र. १ : दर्शन-अंतरानुसार आवश्यक पिक्सेल

अंतर ०.३ मीटर : प्रति इंच सुमारे २९०
अंतर ०.६ मीटर : प्रति इंच सुमारे १४५
अंतर १ मीटर : प्रति इंच सुमारे ८७
अंतर १.८ मीटर : प्रति इंच सुमारे ४८
अंतर ५ मीटर : प्रति इंच सुमारे १७

छपाईच्या दुकानात सर्रास सांगितला जाणारा प्रति इंच ३०० पिक्सेलचा नियम हातात धरून पाहण्याच्या छायाचित्राचा आहे, हे यावरून स्पष्ट होते. तो सर्व मुद्रितांना लावल्यास अनावश्यक खर्च होतो.

आता ४० × ६० इंचाचे मुद्रित घेऊ. त्याचा कर्ण सुमारे ७२ इंच, म्हणजे १.८ मीटर आहे. संपूर्ण चित्र एका दृष्टिक्षेपात पाहणारा प्रेक्षक साधारण इतक्याच अंतरावर उभा राहतो. तेथून पाहण्यास सुमारे साडेपाच मेगापिक्सेल पुरेसे ठरतात. हा आकडा अनेकांना आश्चर्यकारक वाटेल. परंतु प्रेक्षक तेथेच थांबत नाही. व्यक्तिचित्रापुढे तो दूर उभा राहतो. निसर्गदृश्याच्या मात्र जवळ जातो, कारण त्याला त्यात आपले गाव, आपले शेत शोधायचे असते. एक मीटरवर सुमारे १८, साठ सेंटिमीटरवर सुमारे ५० आणि तीस सेंटिमीटरवर सुमारे २०० मेगापिक्सेल लागतात. म्हणजे एकाच मुद्रिताची गरज प्रेक्षकाच्या चार पावलांत साडेपाचपासून दोनशेपर्यंत बदलते.

म्हणून खरेदीपूर्वी जागा निश्चित करणे अगत्याचे आहे. सभागृहात मंचामागील भिंतीवर लावावयाचे मुद्रित आणि दोन मीटर रुंदीच्या व्हरांड्यात लावावयाचे मुद्रित यांचा आकार समान असला तरी गरज समान नाही. व्हरांड्यात प्रेक्षकाला मागे सरकण्यास जागाच नसते. याउलट प्रवेशद्वारावर पाच मीटरवरून पाहावयाच्या १० × ६ फुटांच्या फ्लेक्ससाठी अडीच मेगापिक्सेलही पुरतात. मोबाइलने घेतलेले छायाचित्र तेथे चालून जाते, त्याचे कारण हेच आहे.

वरील आकडे किमान गरजेचे आहेत. बहुतेक सेन्सरवरील प्रत्येक पिक्सेल लाल, हिरवा वा निळा यांपैकी एकच रंग नोंदवितो व उर्वरित दोन रंग शेजारच्या पिक्सेलांवरून अनुमानित केले जातात. म्हणून प्रत्यक्षात काही अधिक क्षमता हाताशी ठेवावी. तसेच मुद्रिताची लांबी-रुंदी दुप्पट करण्यासाठी पिक्सेल चौपट लागतात, हेही लक्षात ठेवावे. २४ मेगापिक्सेलऐवजी ४८ मेगापिक्सेलचा कॅमेरा घेतल्यास मुद्रिताची लांबी दुप्पट होत नाही, ती केवळ १.४ पट वाढते.

४. सेन्सरचा आकार आणि विवर्धन

पिक्सेलची संख्या समान असली तरी सेन्सरचा आकार समान असतोच असे नाही. फुल-फ्रेम सेन्सर ३६ × २४ मिलिमीटरचा, एपीएस-सी सेन्सर सुमारे २३.५ × १५.६ मिलिमीटरचा, मायक्रो फोर थर्ड्स सेन्सर १७.३ × १३ मिलिमीटरचा, तर जीएफएक्स श्रेणीतील सेन्सर ४३.८ × ३२.९ मिलिमीटरचा असतो. साठ इंच लांबीच्या मुद्रितासाठी फुल-फ्रेमवरील प्रतिमा सुमारे ४२ पट, एपीएस-सीवरील ६५ पट, मायक्रो फोर थर्ड्सवरील ८८ पट, तर जीएफएक्सवरील ३५ पट मोठी करावी लागते. लेन्सचा दोष, हाताचा कंप, फोकसमधील चूक हे सर्व त्याच पटीने मोठे होतात.

याच दृष्टीने मोबाइलमधील २०० मेगापिक्सेलच्या दाव्याकडे पाहावे. अशा काही मोबाइलमधील सेन्सरची रुंदी दहा मिलिमीटरहूनही कमी असते व एकेक पिक्सेल सुमारे ०.६ मायक्रोमीटरचा असतो. एफ/१.७ या अॅपर्चरला प्रकाशाच्या विवर्तनामुळे बिंदूचा जो ठिपका तयार होतो, त्याचा व्यासच सुमारे २.३ मायक्रोमीटर, म्हणजे जवळजवळ चार पिक्सेलांइतका असतो. पिक्सेलची संख्या वाढते. त्यात नोंदला जाणारा तपशील त्या प्रमाणात वाढत नाही.

५. अॅपर्चर, विवर्तन व फोकस

निसर्गदृश्यात जवळचे गवत आणि दूरचा डोंगर दोन्ही स्पष्ट हवे असतात. त्यासाठी अॅपर्चर एफ/१६ किंवा एफ/२२ पर्यंत लहान करण्याची प्रथा आहे. मोठ्या मुद्रिताच्या बाबतीत ती घातक ठरते. विवर्तनाच्या ठिपक्याचा व्यास एफ/८ ला सुमारे १०.७ मायक्रोमीटर, तर एफ/१६ ला सुमारे २१.५ मायक्रोमीटर असतो. दोन बिंदू वेगळे दिसण्याची मर्यादा याच्या निम्मी धरली, तरी फुल-फ्रेमवरून काढलेल्या साठ इंची मुद्रितात ती एफ/८ ला सुमारे ०.२३ आणि एफ/१६ ला ०.४५ मिलिमीटर होते. साठ सेंटिमीटरवरून डोळा सुमारे ०.१७ मिलिमीटरचा तपशील पाहू शकतो. याचा अर्थ असा की, एफ/१६ ला घेतलेल्या छायाचित्रात ६१ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्यासाठी मोजलेल्या पैशांचा मोठा भाग वाया जातो.

फोकसच्या रूढ तक्त्यांचेही पुनर्परीक्षण आवश्यक आहे. फुल-फ्रेमसाठी त्यांत ०.०३ मिलिमीटरची अस्पष्टता ग्राह्य मानलेली असते. ती लहान मुद्रितांच्या हिशेबाने ठरलेली आहे. त्यानुसार २४ मिलिमीटरची लेन्स एफ/८ ला २.४ मीटरवर फोकस केल्यास १.२ मीटरपासून अनंतापर्यंत सर्व स्पष्ट मानले जाते. साठ इंची मुद्रित १.८ मीटरवरून पाहावयाचे असल्यास मात्र ही मर्यादा सुमारे ०.०१२५ मिलिमीटर धरावी लागते. तेव्हा फोकस सुमारे ५.८ मीटरवर ठेवावा लागतो आणि स्पष्टतेचा आरंभ २.९ मीटरपासून होतो. त्याहून जवळची वस्तू हवी असल्यास अॅपर्चर लहान करण्याऐवजी वेगवेगळ्या अंतरांवर फोकस केलेली दोन-तीन छायाचित्रे संगणकावर एकत्र करणे श्रेयस्कर होय.

६. लेन्स आणि ट्रायपॉड

कॅमेरा प्रणाली म्हणजे केवळ कॅमेरा नव्हे. बॉडी काही वर्षांत जुनी होते. चांगली लेन्स व भक्कम ट्रायपॉड दीर्घकाळ साथ देतात. बॉडीसोबत मिळणारी साधी झूम लेन्स मध्यभागी समाधानकारक असली तरी कोपऱ्यांत मऊ पडण्याची शक्यता असते. व्यक्तिचित्रात कोपऱ्याकडे लक्ष जात नाही. निसर्गदृश्यात मात्र पाळीचे टोक व काठावरचे झाड नेमके कोपऱ्यातच येते. त्यामुळे बॉडी निवडण्यापूर्वी त्या माउंटसाठी २४ ते ५० मिलिमीटरच्या टप्प्यात कोणत्या दर्जाच्या लेन्स रास्त किमतीत मिळतात, हे पाहणे योग्य ठरेल.

ट्रायपॉडच्या अभावी अधिक पिक्सेलचा लाभ शून्यवत होतो. पहाटेच्या मंद प्रकाशात आयएसओ १०० ठेवून एफ/८ ला छायाचित्र घ्यावयाचे, तर शटर बराच काळ उघडे राहते. अशा वेळी ट्रायपॉडचे पाय तलावकाठच्या चिखलात नीट रोवणे, मधला दांडा वर न काढणे, दोन सेकंदांच्या टायमरने शटर उघडणे व जुन्या एसएलआर कॅमेऱ्यात आरसा आधी वर उचलून घेणे या साध्या गोष्टी निर्णायक ठरतात.

७. अनेक छायाचित्रांची जोडणी : अल्पखर्ची पर्याय

मर्यादित निधी असलेल्या महाविद्यालयांसाठी जोडणी हा सर्वांत उपयुक्त मार्ग होय. २४ मेगापिक्सेलचा कॅमेरा उभा धरल्यास प्रत्येक छायाचित्र ४००० पिक्सेल रुंद व ६००० पिक्सेल उंच मिळते. नवेगावबांधच्या काठावरून एक-तृतीयांश भाग सामाईक ठेवून अशी पाच छायाचित्रे घेतली, तर जोडलेली प्रतिमा सुमारे १४,६०० × ६००० पिक्सेलची, म्हणजे ८८ मेगापिक्सेलच्या आसपास होते. प्रति इंच १५० पिक्सेलने तिचे मुद्रित सुमारे ९७ इंच लांब व ४० इंच उंच निघते आणि साठ सेंटिमीटरवरूनही ते तपशीलवार दिसते. मध्यम किमतीच्या कॅमेऱ्याने शंभर मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्याच्या जवळ जाण्याचा हा मार्ग आहे.

त्यासाठी एक्स्पोजर, फोकस व व्हाइट बॅलन्स हाताने निश्चित करून सर्व छायाचित्रांत समान ठेवावे. जवळची वस्तू चौकटीत असल्यास कॅमेरा लेन्सच्या योग्य बिंदूभोवती फिरेल अशी पट्टी ट्रायपॉडवर लावावी, अन्यथा जोड जुळत नाहीत. या पद्धतीला मर्यादाही आहेत. वाऱ्याने डोलणारे धान, पाण्यावरील लाटा, सरकणारे धुके आणि उडणारे पक्षी जोडणीत तुटक वा दुहेरी दिसण्याचा धोका असतो. धानाच्या बांधीत चालणाऱ्या सारस जोडीसह विस्तीर्ण दृश्य हवे असेल, तर ते एकाच छायाचित्रात टिपावे लागते. अधिक क्षमतेच्या कॅमेऱ्याची खरी गरज अशा ठिकाणी उत्पन्न होते.

८. स्थानिक हवामानाचा विचार

परिसराच्या हवेचाही तपशिलावर परिणाम होतो. एप्रिल-मे महिन्यांत दुपारी तापलेल्या जमिनीवरील हवा थरथरते व दूरचा डोंगर कोणत्याही कॅमेऱ्यात स्पष्ट येत नाही. पावसाळा ओसरताना, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये, पावसाने धुतलेली हवा स्वच्छ असते, तलाव भरलेले असतात आणि धान उभे असते. तुलनात्मक अभ्यासासाठी दरवर्षी याच काळात, त्याच जागेवरून, त्याच लेन्सने छायाचित्र घेणे उपयुक्त ठरेल. जागेचे अक्षांश-रेखांश व कॅमेऱ्याची दिशा यांची नोंद ठेवावी. व्याघ्र प्रकल्पाच्या क्षेत्रात जाताना वन विभागाची रीतसर परवानगी घ्यावी.

पावसाळ्यातील दमट हवेत लेन्सच्या आत बुरशी वाढते. कातडी पिशवीत वा बंद लोखंडी कपाटात महिनोन्महिने ठेवलेली लेन्स त्यामुळे निकामी होऊ शकते. हवाबंद डबा, सिलिका जेल व साधे आर्द्रतामापक यांवर होणारा खर्च नगण्य आहे. आर्द्रता ४० ते ५० टक्क्यांच्या दरम्यान राखावी.

९. मुद्रण आणि जतन

फ्लेक्स हे माध्यम तालुक्याच्या ठिकाणी सहज व स्वस्तात उपलब्ध असते. परंतु ते दूरवरून पाहण्याच्या फलकासाठी आहे. अभ्यासोपयोगी मुद्रितासाठी पिगमेंट शाईच्या रुंद प्रिंटरवर चांगल्या कागदावर छपाई करून घ्यावी. २४ व ४४ इंच रुंदीचे असे प्रिंटर प्रचलित आहेत. प्रिंटरचे प्रति इंच ठिपके आणि प्रतिमेतील प्रति इंच पिक्सेल या दोन भिन्न गोष्टी असून त्यांची गल्लत करू नये. संगणकाचा पडदा प्रमाणित केलेला नसल्यास पडद्यावर पोपटी दिसणारे धान कागदावर काळपट हिरवे उतरते. म्हणून छपाई करणाऱ्याकडून त्या कागदाचे रंग-प्रोफाइल मागून घ्यावे.

मूळ नोंद रॉ स्वरूपात ठेवावी, कारण तीत प्रकाश-छायेचा विस्तार अधिक असतो. ४५ मेगापिक्सेलच्या एका छायाचित्राची १६ बिट टिफ फाइल सुमारे २७० मेगाबाइटची होते. म्हणजे कॅमेऱ्याबरोबर साठवणुकीचाही खर्च वाढतो. जतनाच्या बाबतीत अजिंठ्याचे उदाहरण उद्बोधक आहे. रॉबर्ट गिल यांनी अनेक वर्षे खपून तयार केलेल्या अजिंठा चित्रांच्या मोठ्या प्रतिकृतींपैकी बहुतेक १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसला लागलेल्या आगीत नष्ट झाल्या. त्यानंतर मुंबईच्या जे. जे. कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स व त्यांचे विद्यार्थी यांनी १८७२ पासून नव्याने केलेल्या प्रतिकृतींपैकीही अनेक १८८५ मध्ये लंडनमध्येच आगीत गेल्या. दोन्ही वेळा श्रम व कौशल्य यांची उणीव नव्हती. उणीव होती ती दुसऱ्या ठिकाणी ठेवलेल्या दुसऱ्या प्रतीची. डिजिटल फाइलची प्रत काढण्यास काही क्षण लागतात. किमान तीन प्रती व त्यांपैकी एक महाविद्यालयाच्या इमारतीबाहेर, हा नियम असावा.

१०. खरेदीपूर्व चाचणी

दरपत्रके मागविण्यापूर्वी एक साधी चाचणी करता येते. विचाराधीन कॅमेरा व लेन्स एका दिवसासाठी भाड्याने घेऊन तलावाच्या पाळीचे छायाचित्र ट्रायपॉडवरून घ्यावे. ४० × ६० इंचाच्या मुद्रितात जो भाग १० × १५ इंच व्यापेल, तेवढाच, म्हणजे एक-षोडशांश भाग, त्याच विवर्धनाने छापून घ्यावा. एक तुकडा मध्यभागाचा व एक कोपऱ्याचा असावा. ते नियोजित भिंतीवर लावून नियोजित अंतरावरून पाहावेत. जाहिरातीतील आकड्यांपेक्षा हे दोन तुकडे अधिक प्रामाणिक साक्ष देतात.

११. निष्कर्ष

१) निवडीचा क्रम भिंत, प्रेक्षकाचे अंतर, मुद्रिताचा आकार, लेन्स व शेवटी कॅमेरा असा असावा.

२) स्थिर निसर्गदृश्यासाठी २४ मेगापिक्सेलचा कॅमेरा, एक उत्तम लेन्स, भक्कम ट्रायपॉड व जोडणीचे तंत्र हा संच बहुतेक महाविद्यालयांस पुरेसा आहे.

३) ४५ मेगापिक्सेल वा त्याहून अधिक क्षमतेच्या कॅमेऱ्याची शिफारस तीन परिस्थितींत करता येईल : दृश्यात हालचाल असल्याने एकाच छायाचित्रात काम साधावयाचे असेल, प्रेक्षक साठ सेंटिमीटर वा त्याहून जवळ येणार असेल, किंवा छायाचित्राचा लहान भाग वेगळा काढून अभ्यासावयाचा असेल.

४) निधीत मुद्रण, चौकट, साठवणूक व लेन्सचे संरक्षण यांची तरतूद प्रथम करावी व उरलेल्या रकमेतून बॉडी घ्यावी. सर्व निधी बॉडीवर खर्च झाल्यास छायाचित्रे संगणकातच राहतात.

५) एकच जागा, एकच ऋतू व एकच लेन्स ही शिस्त पाळल्यास कोणत्याही मध्यम दर्जाच्या प्रणालीतून दीर्घकालीन मोलाची नोंद तयार होऊ शकते.

केशोरी परिसरातील प्रत्येक तलावापुढे आज एक ट्रायपॉड उभा राहिला, तर पुढील पिढीच्या अभ्यासकांना तुलनेसाठी विश्वासार्ह आधार मिळेल. त्यासाठी सर्वांत महाग कॅमेऱ्याची वाट पाहण्याचे कारण नाही. ज्याचे गणित भिंतीपासून मांडले आहे, असा कॅमेरा हाती असणे पुरेसे आहे.